पंचशील कॅमेरे कोणी न्यावेत

मी, पंचशील दिलीप तायडे, वय वर्षे सत्तावीस, राहणार जुनी इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड पित्ताशयात आहे आणि ते सोमवारी काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "छोटं ऑपरेशन आहे." तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण चुलतभाऊ यतीन म्हणाला, "तू आरामात अ‍ॅडमिट हो भिया, गोदाम मैं देख लूँगा." म्हणून हे लिहिणे भाग पडले. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले असले तरी शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. कोणी अर्थ फिरवू नये.

कलम १. बँकेत असेल ते आणि स्कूटर आई कमल हिला. तिला स्कूटर चालवता येत नाही, पण यतीनने ती मागितली आहे, एवढे कारण पुरे.

कलम २. हे गोदामाबद्दल आहे, म्हणून लांब आहे. आजोबा कचरू तायडे महूच्या लष्करी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या इंदुरात पत्र्याच्या शेडमध्ये रोलचा पेटी-कॅमेरा बनवायला घेतला. नाव ठेवले 'पंचशील'. कारखाना बंद पडला त्याच वर्षी मी जन्मलो, आणि नाव वाया जाऊ नये म्हणून ते मला दिले. पुढे न विकलेल्या कॅमेऱ्यांचे गोदामही माझ्याच नावे केले.

शटरची स्प्रिंग आजोबा गजराच्या घड्याळातून कापून बसवत. ती सुस्त होती. म्हणून खोक्यावरच छापले होते, 'श्वास धरा'. जुन्या इंदुरातल्या कित्येक लग्नांच्या फोटोंत आजही अख्खे वऱ्हाड गाल फुगवून उभे आहे. नवरीसुद्धा.

पण धंदा चालला तो गौतमपुऱ्यामुळे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे दोन गट एकमेकांवर हिंगोट, म्हणजे दारू ठासलेली पेटती रानफळे, फेकतात. इतर कॅमेऱ्यांत त्यांचे ठिपके यायचे. आमचा सुस्त कॅमेरा आकाशभर आगीच्या रेघा ओढायचा. तिथले फोटोग्राफर दरवर्षी नवा पंचशील न्यायचे, कारण जुना त्या धुमाळीत जळायचा. असे ग्राहक मागून मिळत नाहीत.

मग मोहनकाकांनी पॉलिटेक्निक केले आणि त्यांना स्प्रिंगची लाज वाटू लागली. आजोबा नको नको म्हणत असताना त्यांनी सगळ्या नव्या मालात मुंबईची कडक स्प्रिंग बसवली. शटर झटक्यात पडू लागले. त्या दिवाळीनंतर गौतमपुऱ्याचे लोक कॅमेरे परत घेऊन आले. "दादाजी, आग दिसते, पण पळत नाही. आसमान में नुसती बोरं लटकवलीत!" काका म्हणाले, "टेक्निकली आता करेक्ट आहे." टेक्निकली करेक्ट कॅमेरा पुढे कोणी घेतला नाही. काका अजून लग्नाकार्यात सांगतात की आमची कंपनी जपान्यांनी बुडवली. जपान्यांना याची कल्पना नाही.

काकांचा मुलगा यतीन आता कॅमेरे पोखरून टेबललॅम्प बनवतो. "रोल कौन डालता है भिया? बल्ब डाल, बिकता है." आजोबांच्या हातचा एक कॅमेरा त्याने असाच भोसकला आणि वर 'तीन पिढ्यांची कला' अशी चिठ्ठी चिकटवली. आजोबांचे बाकीचे कॅमेरे वाचावेत, एवढ्यासाठीच हा कागद आहे.

कलम ३. आजोबांच्या स्प्रिंगचे सर्व कॅमेरे आणि हत्यारे मोठी बहीण संबोधी हिला. ती सिमरोलला कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी करते. शटर बसवायला आजोबांनी शिकवले ते तिला, पण पाटीवर 'तायडे अँड सन्स'च राहिले. मी तिला विचारले तेव्हा म्हणाली, "मरायच्या बाता सोड. और सुन, कॅमेरे देशील तर पाटी बी दे. 'सन्स' मी पुसते." पाटी दिली. टर्पेंटाइनची बाटलीही दिली.

कलम ४. काकांच्या स्प्रिंगचे सर्व कॅमेरे यतीनला. त्यांचे खुशाल लॅम्प करावेत. माझ्या जन्मापासून ते काहीतरी कामाची वाट बघत आहेत. ओळखायची खूण अशी: बटण दाबताच खट्ट वाजले तर काकांचा, शटर बिघडले की काय अशी शंका घ्यायला वेळ मिळाला तर आजोबांचा. तरी चूक नको म्हणून मी दोन्ही ढीग वेगळे केले आहेत आणि किल्ली संबोधीकडे आहे.

कलम ५. पहिली स्प्रिंग ज्यातून कापली ते गजराचे घड्याळ मोहनकाकांना. ते वेळ दाखवत नाही, पण टेक्निकली घड्याळच आहे.

कलम ६. संबोधीने या दिवाळीत आजोबांच्या कॅमेऱ्यात रोल घालून गौतमपुऱ्याला जावे. मी जगलो तर शेजारी उभा राहीन, आणि मग हे मृत्युपत्र रद्द समजावे. कलम ४ मात्र रद्द समजू नये. यतीनचा माल त्याने तरीही उचलावा, जागा अडते.

साक्षीदार: चहावाले मारुतीजी आणि शिलाईवाल्या पूर्णिमाताई. पुढे वाद नको म्हणून दोघांचा सही करतानाचा फोटो मी आजोबांच्याच कॅमेऱ्याने काढला आहे. मारुतीजी मध्येच दातांतून म्हणाले, "और कितनी देर, पंचशीलजी?" पूर्णिमाताईंनी त्यांना कोपराने गप्प केले. रोल संबोधी धुऊन आणेल. फोटोत दोघांचे गाल फुगलेले येतील. सही दबावाखाली केली असे कोणी समजू नये.

(सही) पंचशील दिलीप तायडे
(सही) मारुती, साक्षीदार
(सही) पूर्णिमा, साक्षीदार

जुनी इंदूर, शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५