ओल्या लाकडाची खिडकी

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, जेवणाचे हाल नाहीत. दिवसभर कारखान्यात तयार खिडक्या तपासतो. बंद खिडकीच्या कडेने मेणबत्ती फिरवायची आणि ज्योत हलली की खिडकी परत पाठवायची. माझ्याइतक्या खिडक्या कुणीच परत पाठवत नाही, म्हणून सगळे मला हसतात.

आपल्या खिडकीच्या फटी आता बोटभर झाल्यात म्हणतेस. अण्णा तेव्हाच म्हणाले होते, "लाकूड ओलं आहे, महिनाभर थांब. वाळलं की आकसेल." जन्मभर सुतारकाम केलेला माणूस तो! पण मला निघायची घाई. ठोकली आणि मोकळा झालो. आता कधी बोलून दाखवतात का गं? नसतीलच दाखवत. दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं.

जुन्या चादरीच्या पट्ट्या फाड आणि सुरीने फटींत दाबून बसव. अण्णांना खोकल्याचं औषध चुकवू देऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

खाट तिथून हलवू देत नाहीत, असं लिहिलंस. त्या खिडकीतून रस्ता दिसतो ना. मी येताना दिसेन म्हणून ते वाऱ्यात पडून राहतात, एवढं मला कळतं.

माझी सुट्टी नामंजूर झाली, ताई. यंदाची आणि पुढच्या वर्षीचीही. हे त्यांच्यापासून लपवायचं ठरवलं होतं. पण तू सांगून टाक. मग तरी खाट आतल्या भिंतीला घेऊ देतील.

तुझा,
धाकटा