देवीच्या साडीचे अकरा तुकडे

१७ नोव्हेंबर २०१८, शनिवार. दुपारी ४ वाजून २० मिनिटं (फ्रान्सचं घड्याळ)

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. सभागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या अगदी समोर होतं आणि हातात माइक होता. भंडाऱ्याहून फ्रेंचची मुलं घेऊन आलेल्या शाळेचे सचिव मराठीत बोलत होते, मी फ्रेंच करत होते. ते म्हणाले, "आमच्या विणकरांनी प्रेमानं दिलेलं वस्त्र आता आम्ही तुमच्या खांद्यावर घालतो." तेच मी फ्रेंचमध्ये म्हटलं. स्वच्छ, ठासून. टाळ्या झाल्या. मग मुली तबकं घेऊन आल्या आणि पहिल्याच तबकात मला करवती काठ दिसला.

रोहिणीच्या घरची कोशाच्या रेशमाची साडी. कापलेली.

अकरा तुकडे. मी मोजले, कारण दुसरं काही सुचेना. दोन्ही टोकांना काठ, मध्ये साडीचं अंग, गळ्यात घालायला बेताचे. पदराचा तुकडा नगराध्यक्षांना, मोठा मान म्हणून.

पुढची पाच मिनिटं मी काय भाषांतर केलं ते आठवत नाही. केलं एवढं खरं. टाळ्या वाजत होत्या.

त्यानंतर रो.चं, म्हणजे रोहिणीचं, नाव पुकारलं. बारावीत आहे, माझ्या रविवारच्या फ्रेंच वर्गात चार वर्षं. करवती काठ कसा विणतात यावर सहा वाक्यं तिने पाठ केली होती, रोज एस.टी.त घोकून. ती आली. नगराध्यक्षांच्या गळ्याकडे बघितलं. "मेर्सी", एवढेच आभार मानले आणि खाली उतरली. तिला वाटलं असेल मला ठाऊक होतं. माइक माझ्याच हातात होता ना.

त्याच दिवशी, जेवणाआधी

सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या मीच सौम्य करीन.

साडी दाखवायला आणली होती, द्यायला नव्हे. शाळेने आंधळगावच्या विणकरांकडे उत्तम नमुना मागितला. वासुदेवभाऊंच्या, म्हणजे रो.च्या वडिलांच्या घरी त्या वेळी एकच होता, देवीचा. नवस होता. पोरगी सुखरूप परत आली की पौष पौर्णिमेला देवीला नेसवायची. त्यांची बायको, कांताबाई, देईना. "देवीची वस्तू घराबाहेर कायले?" तेव्हा मी म्हटलं, माझ्या हातात द्या, माझ्या हातून परत घ्या. मोठ्या ऐटीत म्हटलं होतं. बँकेत तीस वर्षं तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्याचा तोरा, दुसरं काय.

आणि आज दुपारी ती मांडणीच्या टेबलावर ठेवून मी भाषणाचा कागद वाचत बसले.

कापली कुणी? सचिवांच्या बायकोने. सभागृहाच्या स्वयंपाकघरात मासे साफ करायची कात्री टांगलेली आहे, तिने. मी विचारायला गेले तर वहिनी खुशीत. "मॅडम, पाहा ना, किती शोभून राहिलं! मी म्हटलं, वेळेवर अक्कल चालली म्हणून अब्रू वाचली आपली."

कसली अब्रू? तर सत्काराची.

१८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मोठं चर्च बघायला नेलं. सुंदर असणार. मी स. (सचिव आता एवढ्याच अक्षराचे) यांच्या शेजारी चालत होते.

हिशोब असा. भाषेची मुलं बारा, त्यांना ठेवून घेणारी घरं सात, म्हणून सात शाली आणल्या. पण पुढे "कुटुंबासह सांस्कृतिक सहल" झाली आणि स., वहिनी, व्याही, विहीणबाई, व्याह्यांचा भाऊ अशी वऱ्हाडासारखी मंडळी वाढत गेली. इकडच्यांनी बिचाऱ्यांनी आणखी अकरा घरं शोधली, नगराध्यक्षांचंही त्यातच. शाली सातच. नारळ तर नागपूरच्या विमानतळावरच काढून घेतले होते.

मी म्हटलं, अकरा घरांना नुसता नमस्कार केला असता तर ती लोकं उपाशी राहणार होती का?

"मॅडम, साताले शाल न् अकराले नमस्कार? हे भेदभाव झाला. एकबी माणूस सत्कारावाचून राहिला तं जिल्ह्याचं नाव जाते."

साडी आपली नव्हती.

"कापली तं कापली, फेकली तं नाही ना! लोकाच्या गळ्यात पडली, सन्मानच झाला तिचा."

देवीची होती.

इथे ते थांबले. माहीत नव्हतं, हे तोंडावर दिसलं. त्यांच्या घरीही देव आहेत. क्षणभर वाटलं, आता माणूस माणसासारखं बोलेल. पण मागून व्याही आले, आणि व्याह्यांसमोर यांनी आजवर काही कबूल केलेलं नाही. "परत गेल्यावर पाहू," म्हणाले, "तुमी काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिल्या?" आणि चर्चचा फोटो काढू लागले.

भंडाऱ्यात रस्त्याच्या उद्‌घाटनाला चाळीस हार लागतात, निरोप समारंभात निरोप घेणारा सोडून सगळ्यांचा सत्कार होतो. मी त्यावर आयुष्यभर हसत आले. आज हसू येत नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार

रो. ज्या घरी राहते त्या आजीबाई, मादाम ओडेत, माझ्याकडे आल्या. मुलगी दोन दिवस जेवत नाही, फ्रेंच बोलत नाही, विचारलं तर हसते. काय झालं?

मी सांगितलं. सगळं. शाळेची बदनामी वगैरे विचार केला नाही.

त्यांनी गळ्यातला तुकडा तिथल्या तिथे काढला. रविवारी चर्चलाही तोच घालून गेल्या होत्या. घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि मग खुर्चीवर बसून राहिल्या.  दुसऱ्याची चूक गळ्यात घालून आपण मिरवलो, असं त्यांना वाटत होतं. त्यांना कशाला वाटावं? ज्यांना वाटायला हवं ते खाली बाजारात मॅग्नेट घेत होते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

पोचलो. नागपूरला स्वागताला बँड. मला चक्कर आल्याचं सांगून मी गाडीत बसून राहिले. रो.ला न्यायला वासुदेवभाऊ आले होते. लांबून हात जोडले, हसले. म्हणजे तिने फोनवर काही सांगितलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

आंधळगावला गेले नाही. पाय दुखत होते असं लिहिणार होते. पाय दुखत नव्हते.

२४ नोव्हेंबर, शनिवार

गेले.

रो.ने आल्या दिवशीच घरी सांगितलं होतं. कांताबाईंनी पाणी दिलं, पाट दिला. मी मादामचा तुकडा पुढे केला. वासुदेवभाऊंनी आधी काठ बघितला, मग कापलेली कड. बोटाने तीनदा चाचपली.

"हे कापडाची कात्री नाही, बाई. चावल्यावानी कापलं."

मी कात्रीचं सांगितलं. मासे म्हटल्यावर कांताबाईंनी डोळे मिटले.

मला शिव्या हव्या होत्या. मिळाल्या नाहीत. कांताबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या हातात देल्ली होती, बाई."

हो.

मी म्हटलं, नवी विणा, लागेल ते मी बघते. त्या एकदम ताठ झाल्या. "इनू ना. कायले नाही इनू? पण देवीच्या नावानं निघालेली साडी लोकाच्या गळ्यात लटकून राहिली. ते तुकडे घरी येऊ द्या. आमी ते वैनगंगेत सोडू, हात जोडू, मंग मागावर दुसरीचा ताणा, उभे धागे, लावू. त्याच्या आंधी मागाले हात नाही लावत."

"म्हणजे माग बंद?"

"बंदच हाय. चार दिस झाले."

खरंच. एवढा वेळ बसले आणि घरात मागाचा खटका ऐकू आला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोघं नवरा-बायको एकाच मागावर बसणारी. माग थांबला की घर थांबलं.

वासुदेवभाऊ दाराशी हळूच म्हणाले, "तिचं आयकत नाही मी नेहमी. पण ह्यात तिचं खरं हाय. पंधरा डिसेंबरच्या आत ताणा लागला, तं पौर्णिमेपावतर साडी उतरते. नाई तं नवस चुकला."

तुकडे अकरा. हातात एक.

२५ नोव्हेंबर, रविवार

वर्ग. रो. आली नाही. बाकीची मुलं क्रियापदं चालवत होती, मी खिडकीबाहेर बघत होते.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत गेले. स., वहिनी, दोन सभासद. मागणी साधी ठेवली. शाळेच्या कागदावर, शाळेच्या सहीने, त्या दहा घरांना पत्र: वस्त्र आमचं नव्हतं, चुकून दिलं, कृपया परत पाठवा. फ्रेंच मी करून देते.

 मग स. असे हसले जणू मी त्यांचा कोट मागितला.

"सत्कार केला न् मंग शाल परत मागायची? मॅडम, ऐकलं का कधी? नाक कापलं जाईल जिल्ह्याचं."

"साडी कापताना नाही कापलं गेलं?"

वहिनी रडल्या. मला वाटलं होतं नाटक करतील. नाटक नव्हतं. "मले कोणी सांगितलंच नाही न् देवीची हाय म्हणून. मी रोज दिवा लावते, मॅडम. मी लावली असती का कात्री?" मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "मी देवीले दुसरी नेसवते, पैठणी नेसवते." बाईंचा जीव खरा आहे आणि समज शून्य. दोन्ही एकाच माणसात असू शकतं. लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला हे शिकवलं नव्हतं.

निर्णय नाही. चहा आला. मी प्यायले नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

मादाम ओडेत यांची ई-मेल. त्या घरोघरी फिरल्या. या वयात, त्या थंडीत. सगळी द्यायला तयार आहेत. पण नगराध्यक्षांचं म्हणणं, समारंभात एका संस्थेने दिलं ते एका बाईच्या सांगण्यावरून परत केलं तर संस्थेचा अपमान होईल. संस्थेने मागावं, त्याच दिवशी पाठवतो. बाकीचे त्यांच्या मागे.

म्हणजे तिकडेही मानच आडवा आला. आणि इकडच्या एका सहीवर सगळं अडलं.

३ डिसेंबर, सोमवार

 

वासुदेवभाऊ स्वतः आले, आंधळगावहून, खिशात घडी केलेला कागद घेऊन. शाळेचा कारकून घरी देऊन गेला होता. वाचला. "सदर साडी आम्ही स्वखुशीने शाळेस भेट दिली असून तिच्या वापराबाबत आमची कोणतीही तक्रार नाही." खाली तारीख सहलीच्या आधीची. सहीची जागा मोकळी.

"कारकून म्हणे, सही करून टाका, पोरीचं बारावीचं वर्ष हाय, शाळेसंगं वाकडं कायले घेता? मी म्हटलं, बाईले दाखवतो, मंग करतो."

अडाण्यासारखी कापलेली साडी मी समजू शकते. हा कागद अडाणीपणा नाही. हा विचार करून, टाइप करून, मागची तारीख घालून केला आहे.

मी विचारलं, रो. काय म्हणाली?

"ते म्हणे, बाबा, सही केली तं मी शाळेत जात नाही. तिची माय म्हणे, सही नाही केली तं पोरीचं वर्ष जाते. मी मधात." मग म्हणाले, "तुमी भाषणात काय बोलल्या होत्या, बाई? रोहिणी सांगत नाही."

मी सांगितलं. विणकरांनी प्रेमानं दिलेलं वस्त्र.

"मंग कागदात तेच त हाय."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. फक्त जुळवून बघत होते.

कागद माझ्याकडे ठेवून घेतला. सही केलेली नाही.

५ डिसेंबर २०१८, बुधवार

पत्र आज सकाळी अकराला शाळेच्या कार्यालयात दिलं, पोच घेतली. प्रत इथे उतरवते.

"अध्यक्ष व सचिव यांस,

१७ नोव्हेंबर रोजी दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी आंधळगावच्या विणकर कुटुंबाची साडी त्यांना न विचारता कापून वाटण्यात आली. ती प्रेमानं दिलेली आहे, हे खोटं वाक्य त्या सभेत फ्रेंचमध्ये मी बोलले. माहीत नसताना बोलले, पण बोलले. ते खोटं होतं, हे मी त्या अठराही घरांना माझ्या सहीने काल कळवलं आहे. त्या कुटुंबाच्या घरी जाऊनही मी लेखी माफी दिली आहे. माझा वाटा संपला असं मी म्हणत नाही. सुरुवात केली, एवढंच.

आपला वाटा असा. एक, दहा तुकडे परत मागणारं संस्थेचं पत्र. दोन, मागील तारखेचा कागद कुणाच्या सांगण्यावरून टाइप झाला, याचा खुलासा. तीन, रोहिणीच्या बारावीला शाळेकडून कोणताही त्रास होणार नाही, याची हमी. कागद माझ्याकडे आहे आणि राहील.

त्या घरचा माग पंधरा दिवस बंद आहे. १५ तारखेनंतर ताणा लावून उपयोग नाही. तुकडे फ्रान्सहून यायलाच आठवडा लागेल, तेव्हा लेखी उत्तर शनिवार, ८ डिसेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या हातात हवं. फोन, तोंडी निरोप, मध्यस्थ आणि माझ्या घरी चहाला येणं, यातलं काहीही उत्तर म्हणून धरलं जाणार नाही."