टपावरचा कॅरिअर

आदरणीय दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार पोचावा. आपला डावा गुडघा आता कसा आहे? (उजव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती, त्याचं उत्तर आलं नाही, तेव्हा तो बरा असावा असं धरून चालतो.) ताईची तब्येत विचारत नाही, कारण ती माझ्याशी बोलत नाही, म्हणजे ठणठणीत आहे.

आपलं दोन ओळींचं पत्र मिळालं. ‘आठ रविवार झाले. आई वाट बघतात. कारण लेखी कळवावे.’ आपण तीस वर्षं व्यायामशिक्षक होतात आणि गैरहजेरीची चिठ्ठी घेतल्याशिवाय कुणाला मैदानावर पाऊल टाकू देत नव्हतात, हे मी जाणून आहे. म्हणून कारण कळवतो. कारण पेट्रोल.

बाबांच्या मागे आई आपल्याकडे राहायला आली आणि त्यांची गाडी माझ्याकडे, ती टपावरच्या लोखंडी कॅरिअरसकट. बाबा घरं रंगवायचे, त्यामुळे त्यांच्या शिड्या आणि बांबू वीस वर्षं त्या कॅरिअरवर फिरले. मी कचेरीत टंकलेखन तपासतो. मला टपावर न्यायला काहीच नसतं, पण कॅरिअर काढावासा वाटला नाही, तो राहिला. दोन महिन्यांपूर्वी गाडीचं अ‍ॅव्हरेज अठरावरून चौदावर आलं. आमची ही म्हणाली, “वयानं होतं तसं.” बोलताना तिनं गाडीकडे न बघता माझ्याकडे का बघितलं, ते कळलं नाही.

मग मी पेपरात वाचलं की, गाडीत विनाकारण ओझं वाहिलं की पेट्रोल जास्त लागतं. डिकी उघडून पाहिली. बाबांचे रंगाचे चार डबे होते, आतला रंग दगड झालेला. ताईनं वेळोवेळी ‘जाताना घेऊन जा’ म्हणून दिलेल्या दोन कुंड्या, शिवणयंत्राचा बिडाचा पाय आणि एक घडीची खाट होती. (खाट डिकीत कशी मावली ते आता आठवत नाही.) आणि सगळ्यांत खाली, माझ्या पोटाकडे बघून आपण मोठ्या प्रेमानं दिलेले डंबेल्स. यातलं काहीही टाकून देणं म्हणजे घरात तंटा. पण पेपरात तर स्पष्ट लिहिलं होतं, गाडीत ओझं नको. तेव्हा मी ते सगळं गाडीतून काढलं आणि नीट दोरीनं आवळून वर कॅरिअरवर बांधलं.

अ‍ॅव्हरेज अकरावर आलं.

मी चकित झालो. पुढचे तीन रविवार मी प्रयोगात घालवले. कुंड्या पुढे, डंबेल्स मागे; मग उलट; मग वाऱ्यानं उडू नये म्हणून सगळ्यावर ताडपत्री. ताडपत्रीनं दहावर आणलं. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टपाकडे बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

“साहेब, काखेतलं गाठोडं डोक्यावर घेतलं तर ते हलकं होतं का?”

“पण गाडीत काही नाहीये ना आता.”

“गाडीत नाही, गाडीवर आहे. आत होतं तेव्हा नुसतं वजन होतं. आता वजन आहे आणि वारापण आहे. छत्री उघडी धरून वाऱ्यासमोर पळून बघा, म्हणजे गाडीचे हाल कळतील.”

त्यानं सामान उतरवलं, चाकांत हवा भरली आणि म्हणाला, रिकामा कॅरिअरसुद्धा फुकट वारा खातो, तोही काढा. मी काढू दिला. दाजी, खोटं कशाला सांगू, गाडी पिसासारखी झाली. साडेअठरा. मला वाटलं, आता प्रत्येक रविवारी येता येईल.

आणि सातव्या रविवारी मी आलो होतो. हे आपल्याला ठाऊक नाही. आपण ताईला घेऊन गुडघा दाखवायला दवाखान्यात गेला असावात.

आपल्या घराआधी जो लांब उतार लागतो, तिथं वेग वाढला की कॅरिअरच्या पुढच्या पोकळ नळीतून वारा शिट्टी वाजवायचा. आधी बारीक, मग जाड. जुन्या घरी असताना आई ती ऐकून बाबांचा चहा टाकायची, आणि मोतीबिंदूपासून तर ती सगळं कानानंच ओळखते. तिला भास होत नाहीत; गाडी मी चालवतो हे तिला पक्कं माहीत आहे. तरी शिट्टी आली की ती उठते आणि पातेलं घेते. त्या दिवशी शिट्टी आली नाही. मी फाटकासमोरून हळू गेलो. आई ओट्यावर खुर्चीत बसली होती, कान उताराकडे लावून. माझ्या गाडीकडे तिनं मानही वळवली नाही. कुणाची तरी गाडी गेली, एवढंच.

शहाणा माणूस खाली उतरला असता. मी गाडी वळवली आणि सत्तर किलोमीटर परत गेलो, कॅरिअर बसवून घ्यायला. (अ‍ॅव्हरेज उत्तम पडलं, पण सांगणार कुणाला?) गॅरेजवाला दहा दिवस गावी लग्नाला गेला होता, आणि त्यात आठवा रविवारही गेला. बुधवारी त्यानं कॅरिअर बसवला. काढला का आणि लावला का, हे त्यानं विचारलं नाही, फक्त म्हणाला, “बरोबर आहे, घरचं माणूस वारा खाणारच, म्हणून काढून टाकतात का?” मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तेव्हा तो बहुधा स्वतःच्या मेहुण्याबद्दल बोलत असावा.

तेव्हा येत्या रविवारी अकरा वाजता येतो. गैरहजेरी माफ व्हावी.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. : डंबेल्स परत आणतो आहे. आपल्या गुडघ्यालाच त्यांची जास्त गरज दिसते. परतीच्या वेळी ताईनं गाडीत काही ठेवू नये, एवढं आपण पाहावं. ती माझ्याशी बोलत नसल्यामुळे मला तिला नाही म्हणता येत नाही.

ता. ता. क. : खरी विनंती पुढे आहे. गॅरेजवाल्यानं कॅरिअर बसवताना ‘पाणी शिरून गंजेल’ म्हणून त्या नळीचं तोंड वेल्डिंग करून बंद केलं. वर त्याचे पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे भांडता आलं नाही. काल मी हमरस्त्यावर तीन वेळा गाडी पळवली. कॅरिअर वारा खातो, पेट्रोल पितो, पण बोलत नाही. आपण बोटं न लावता तोंडानं सुरेख शिट्टी वाजवता, असं ताई लग्नाच्या आधी सांगायची. रविवारी मी उतारावर दिसलो की आपण मागच्या पाण्याच्या टाकीआड उभं राहावं. आधी बारीक, मग जाड. आईला फसवायचं म्हणून नव्हे. ती ओळखेलच. पण चहा टाकेल.