डावीकडून बाबा

३ फेब्रुवारी
बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. तिसरा मजला. मी आणि दादा दोन्हीकडून धरून. मध्ये जिन्यात खुर्ची टाकून बसवलं, जाधवकाकी पाणी घेऊन आल्या. उजवा हात-पाय लुळा. तोंड एका बाजूला ओढलेलं. आवाज अगदी बारीक, शब्द एकात एक मिसळलेले. डॉ. म्हणाले बोलणं सुधारेल, घाई करू नका.
खाटेवर टेकल्या टेकल्या काहीतरी म्हणाले. मला कळेना. दादा म्हणाला, "अगं, खिडकी उघड म्हणतायत."

७ फेब्रु.
दिवसा बाई ठेवलीय, ऑफिसला जायला लागले. टेलिफोन बोर्डवर कॉल चालू असताना सारखं डोक्यात बाबांचं तोंड.
माझा डावा कान सहा वर्षांपूर्वी गेला. सकाळी उठले तर गेलेला, आत नुसती घूं. औषधं झाली, परत आला नाही. घरात सगळे रडले, बाबा सोडून. ते म्हणाले, "गिरणीच्या साचाखात्यात दोन्ही कान असून आम्हाला काय उपयोग होता? एवढे माग धडधडायचे. आम्ही ओठ बघायचो." आणि आवाज न काढता माझ्याशी बोलायला लागले. पन्नाशीकडे झुकलेली मी, ओठ वाचायला शिकले. संपात गिरणी गेली, पण हे बोलणं बाबांच्या तोंडात शिल्लक होतं. गणपतीत समोरच्या मांडवाचे स्पीकर लागले की चाळीत सगळे बोंबलायचे, आणि आम्ही दोघं गॅलरीच्या दोन टोकांना उभं राहून आरामात गप्पा मारायचो.
आता ओठच वाकडे झालेत. मी बघते, बघते, आणि

१५ फेब्रु.
बाबा पडले.
सकाळी मी ओट्याशी. उजवीकडे कुकर, खाट डावीकडे. भाजी फोडणीला टाकत होते. जाधवकाकी गॅलरीतून धावत आत आल्या. "उजू! अगं बाबा केव्हापासून हाका मारतायत!"
खाट आणि भिंतीच्या मध्ये पडलेले. चार पावलांवर. काकींना गॅलरीत ऐकू गेलं, मला नाही. नशीब, हाड मोडलं नाही. कोपर सोलवटलंय. मी औषध लावताना त्यांनी डाव्या हाताने माझा गाल थोपटला.

१६ फेब्रु.
दादा आला बदलापूरहून. बाबा झोपल्यावर गॅलरीत उभे राहिलो. तो नेहमीसारखा माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, न सांगता.
"तुला बोल लावत नाही ग. पण त्यांना ओरडता येत नाही आणि तुला ऐकू येत नाही. माझ्याकडे लिफ्ट आहे. तुझी वहिनी घरीच असते."
फोनवर वहिनी, "ताई, तुम्ही पण या ना." मनापासून म्हणाली. पण माझं ऑफिस फोर्टात.
दादाचं चुकत नाही. तेच तर. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.
मी म्हटलं, थोडं थांब. मला कानाचं काहीतरी करू दे.
"ते स्क्रूवालं यंत्र? तू तर नको म्हणाली होतीस."
म्हणाले होते. तेव्हा बाबांचे ओठ होते.

२४ फेब्रु.
कानाच्या डॉ.कडे. साधं मशीन चालणार नाही, डाव्या कानाची नसच गेलीय. हे वेगळं आहे. कानामागे हाडात छोटा स्क्रू, त्यावर बटणासारखं यंत्र. ते डावीकडचा आवाज घेतं, हाड थरथरवतं, आणि कवटीतून तो आवाज पलीकडे चांगल्या कानाला पोचतो. आधी पट्ट्यावर लावून बघायचं.
त्याच हॉस्पिटलात बाबांच्या व्यायामाचा दिवस होता, तेही सोबत, व्हीलचेअरवर; चाळीतल्या पोरांनी जिना उतरवला. मशीनवाल्या मुलीने डोक्याला पट्टा बांधला, यंत्र कानामागे दाबून बसलं. ती डावीकडे गेली. "मॅडम, आज भाजी कुठली केलीत?" मी उजवीकडे वळून सांगितलं, "गवार." ती हसली. म्हणाली, बाजू कळणार नाही, ते आधीच सांगते. आवाज डावीकडचा, पण वाजणार उजव्याच कानात. गोंगाटही आत येईल.
मग कुणीतरी म्हणालं, "उजू."
पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. वळून बघते तर डावीकडे बाबा.
मला रडू आलं. बाबा घाबरले, पट्ट्याकडे बोट करून म्हणाले, "दुखतंय?" दुखतंय. कळलं मला! दोन्ही शब्द कळले.

२५ फेब्रु.
दादाला फोन. म्हणाला, "कर. तुझं होईपर्यंत मी विषय काढत नाही."
बाबांना स्क्रूचं सांगितलं. स्वतःच्या डोक्यावर बोट आपटून मान जोरात हलवली. नको. मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही करत, माझ्यासाठी करतेय." खोटं बोलले. निदान आज तरी खोटंच.

१२ मार्च
झालं. भूल फक्त तेवढ्या जागेला. ड्रिलचा आवाज डोक्याच्या आतून. डॉ. मध्ये मध्ये विचारत होते, ठीक ना? ठीक. दादा बाहेर बसून होता, वहिनी घरी बाबांजवळ.
संध्याकाळी घरी. कानामागे केस भादरलेत, वर पट्टी. बाबा पट्टीकडे बघत राहिले, मग हाताने खूण, केस?
"येतील हो."
जवळ बोलावलं. डाव्या हाताने बराच वेळ डोक्यावरून हात फिरवला, पट्टी चुकवून.

२९ मार्च
हाडात स्क्रू पक्का बसेपर्यंत यंत्र नाही. रोज तेवढी जागा साफ करायची. आरशात दिसत नाही, काकी करून देतात. "कुडी घातल्यासारखीच दिसते ग," म्हणतात.
बाबांचा तोंडाचा व्यायाम. गाल फुगवायचे, पा-पा-पा, मा-मा-मा. एकटे करत नाहीत, लाजतात. म्हणून मी समोर बसून करते. आज दोघांचे गाल फुगलेले असताना लाइटबिलवाला दारात. बाबा इतके हसले की लाळ गळली. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले.

१४ एप्रिल
बाबांना खुर्चीतून गॅलरीत नेलं. खाली मिरवणूक, ढोल, निळे झेंडे. खालून पोरांनी ओळखलं, "बाबा, जय भीम!" त्यांनी डावा हात वर केला. मग माझ्याकडे वळून ओठ हलवले, आवाज न काढता, जुन्यासारखे. मी वाचायचा प्रयत्न केला. नाही जमलं. पुन्हा हलवले. नाही. मी उगीच मान डोलावली. त्यांना समजलं की मी उगीच डोलावली. रस्त्याकडे बघत बसले.

२ जून
यंत्र लागलं. टक्कन बसतं.
पंखा केवढा वाजतो आपला! प्लॅस्टिकची पिशवी, वर्तमानपत्र, माझं स्वतःचं चावणं. लालबागच्या बाजारात उभी राहिले आणि सगळं एकदम अंगावर आलं. डोकं धरून घरी. काढून ठेवलं.
बाबा काहीतरी म्हणाले, मी यंत्राशिवाय होते. पुन्हा लावलं. पुन्हा म्हणायला सांगितलं. तर म्हणतात, "काही नाही."

९ जून
ऑफिसात. हेडफोन उजव्या कानावर, कॉल चालू. डावीकडून शेजारच्या बोर्डवरची पिंटो म्हणाली, "उज्ज्वला, चहा?" इतकी वर्षं ती खांद्याला हात लावायची आणि मी दचकायचे. आज कॉल न तोडता मी एक बोट वर केलं. ती तिथेच उभी राहिली. तिचे डोळे भरले. चहा आणायला विसरली.
माझ्यासाठी करतेय म्हटलं होतं. तेवढं खोटं नव्हतं बहुतेक.

२० जून
वाईट दिवस. शेजारचा टीव्ही, नळावरची भांडणं, बाबांचं बोलणं, सगळ्याची एकच खिचडी. चिडले बाबांवर. "नीट बोला ना जरा!" त्यांनी तोंड मिटलं.
झोपताना यंत्र काढावंच लागतं. तेव्हाचं काय, हे दादाने अजून विचारलेलं नाही. त्याला सुचलं नसेल असं नाही.

२८ जून
मी पोळ्या करत होते, खाट डावीकडे. ऐकू आलं, "उजू, करपली." खरंच करपली होती.
मग बोलतच बसले. तुटक तुटक. आईला जाड पोळ्या लागायच्या. साचाखात्यातला एक जोडीदार डब्यात फक्त करपलेल्या आणायचा, कारण त्याच्या बायकोचं आणि त्याचं... पुढचं त्यांचं त्यांनाच हसू आलं, कळलं नाही. मी वळले नाही. ओठ बघितले नाहीत. पाठमोरी उभी राहून ऐकलं, पीठ संपेपर्यंत. जास्तीच्या पोळ्या काकींना दिल्या.

५ जुलै
दादा-वहिनी आले. जेवणं झाली. विषय निघणार हे सगळ्यांना ठाऊक. दादा म्हणाला, "उजूचं छान झालं. आता..." आणि थांबला. माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं एकमेकांकडे काय बघताय? बाबांना विचारा की."
खरंच, इतक्या महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं.
दादा खाटेवर त्यांच्याजवळ बसला. "बाबा, इथे राहायचंय की माझ्याकडे यायचंय?"
मला वाटलं, माझं नाव घेतील. ते म्हणाले, "तुझ्याकडे गॅलरी आहे?"
"आहे. खाली बाग दिसते."
"लिफ्ट?"
"आहे ना."
"इथे आल्यापासून दवाखाना सोडून खाली उतरलो नाही." मग माझ्याकडे बघून, हळू, एकेक शब्द सुटा करून, "बघून येतो. जाऊ ना, उजू?"
प्रत्येक अक्षर ऐकू आलं. पा-पा-पा, मा-मा-मा करून कमावलेलं बोलणं, आणि त्यात हे. म्हटलं, "जा की. लिफ्टमधून रोज खाली जा."
"शनिवार-रविवार तू ये."
"येईन."
दादाने माझा हात धरला.

६ जुलै
उद्या दादा गाडी घेऊन येतोय. किती दिवस ते बाबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांच्या औषधांची पिशवी, वॉकर, चष्मा. दोन सदरे घडी करून बॅगेत ठेवले. तिसरा हातात घेऊन मघापासून उभी आहे. भरू की राहू दे इथेच