एक मापटं पीठ आणि केळीची लिस्ट

२ मे १९९७, शुक्रवार

मेलं पुन्हा! तीनदा सुरू केलं, तीनदा मेलं.

रावेरच्या केळी संघातलं जुनं मशीन महिन्यापूर्वी बंद पडलं. सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. कोणाची केळी कधी कापायची, कोणत्या ट्रकात भरायची — ती लिस्ट त्यातूनच निघायची. आमचे हे चौदा वर्षं त्या मशीनवर कामाला. काल चेअरमन सुकदेवआबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "नाना, दहा तारखेला लिस्ट हातात पाहिजे. नाही तर तुम्ही अन् तुमचं डबडं, दोघं घरी!"

आमची लेक शेवंता कॉम्प्युटर शिकवते. क्लासमधला एक घरी आणून तिने प्रोग्राम लिहिलाय — एम्युलेटर. मी सोंग म्हणते. नव्या कॉम्प्युटरने जुन्या मशीनचं सोंग घ्यायचं, म्हणजे लिस्टच्या जुन्या प्रोग्रामला वाटावं, आपण आपल्याच घरी आहोत. वाटतंही. मग पडद्यावर येतं — मेमरी पुरत नाही. संपलं!

३ मे

मुक्ताईनगरला जाऊन आले. मुक्ताईपुढे नवस बोलले, लिस्ट निघेपर्यंत डब्यातून दिवसाला एकच मापटं पीठ काढीन.

५ मे

शेवंताने मेमरी दुप्पट केली. तरी तिथेच मरतं! "आई, ढीगभर जागा मोकळी आहे गं, तरी म्हणतं जागा नाही!" रडकुंडीला आलीय पोर.

हे विचारतात, "निघेल ना?" — आणि माझ्याकडे बघून! मला मॅट्रिकवालीला काय कळतं त्यातलं. "निघेल" म्हणाले. खोटं बोलले.

६ मे

मुक्ताई, बघतेस ना?

७ मे

सासूबाईंनी आज ताटच सरकवलं. अर्धी भाकरी वाढली म्हणून. मी सांगितलं, नियम आहे, एकच मापटं. तर कडाडल्या (धुळ्याकडच्या त्या, रागावल्या की अहिराणीच), "नियम तुना शे ना? मंग डबाले कसाले कुलूप लावस? बठ्ठा घर उपाशी, अन् रांधनारीबी उपाशी!"

शेवंताचा घास हातातच राहिला. "आजी, पुन्हा म्हण."

"काय पुन्हा? कानमा बोळा शे का?"

उष्ट्या हातानेच उठली ती!

नंतर मला समजावलं. जुना प्रोग्राम सुरू होताच स्वतःला नियम घालून घेतो — मी एवढीच मेमरी घेईन, जास्त नाही. शेवंताने तो नियम प्रामाणिकपणे जसाच्या तसा कॉम्प्युटरला कळवला. पण कॉम्प्युटरच्या लेखी जेवणारा पाहुणा म्हणजे जुना प्रोग्राम, आणि रांधणारी म्हणजे सोंग, दोघं एकच! सोंगालाही स्वतःची जागा लागते — जुन्या मशीनची भाषा नव्याला कळेल अशी करून ठेवायला. तेच उपाशी मेलं. कितीही मेमरी घाला, कुलूप तेच.

आता ती पाहुण्याला नुसतं "बरं" म्हणणार, त्याचे घास स्वतः मोजणार, डब्याला कुलूप लावणार नाही.

मीही नियम माझ्या ताटापुरता ठेवला. मुक्ताई समजून घेईल.

९ मे

चाललं! चाललं! बेचाळीस पानं! सासूबाई म्हणाल्या, "एवढासाठे मले उपाशी मारं का?" — आणि स्वतःच हसल्या. हे पानं छातीशी धरून रावेरच्या गाडीत बसले. किती दिवसांनी यांना ताठ चालताना पाहिलं.

१२ मे

सुकदेवआबांनी शेवंताचं फार कौतुक केलं म्हणे. कॉम्प्युटर संघात ठेवून घेतला. मग यांना म्हणाले, "नाना, हे तर आता कोणीही चालवेल. मशीन भंगारात दिलं. तुम्हीही आराम करा."

हे आले ते चपलाही न काढता ओसरीवर बसलेत.

शेवंता मघाशी चुलीशी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आई, एक ओळ बदलली की बंद पडेल. संघात कोणाला कळणारही नाही. मग बाबांना बोलावतीलच."

चारशे घरांची केळी झाडावर पिवळी पडतील. "नको" म्हणायला हवं होतं.

मी पीठ मळत राहिले.