वाकायचं नाही

११ जानेवारी

आले बाई एकदाची! खंडाळ्याहून निघताना आईने बदाम, तूप आणि सूचना एवढ्या भरून दिल्या होत्या की एसटीत माझ्या शेजारी कुणाला बसायला जागाच उरली नाही. शिराळ्याला उतरले तर लालासाहेब स्वतः मोटरसायकल घेऊन हजर. निवृत्त सुभेदार, सत्तरीला टेकलेले, पण पाठीचा कणा अजून परेडवरच आहे. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, गादीवरची का मातीवरची? मी म्हटलं, दोन्हीवरची. म्हणाले, मग बस मागं.

शिराळ्यापासून बरंच आत, वारणेच्या बाजूला त्यांची वस्ती आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर खताचं जुनं गोदाम होतं, त्याची त्यांनी गावातल्या मुलींसाठी तालीम केली आहे. वर पत्रा, मध्ये लाल मातीचा हौदा. माती चाळून, हळद, ताक आणि तेल घालून मुरवलेली. दारातून आत गेले आणि तो वास नाकात शिरला तेव्हा नोकरी लागल्याचा खरा आनंद झाला. महिला मल्ल अंकिता यांची पहिली नोकरी, मुलींच्या वस्ताद! तालमीच्या तीन बाजूंना उंच ऊस आहे. वारा सुटला की समुद्राकाठी बसल्यासारखं वाटतं.

राहायची सोय लालासाहेबांच्याच घरात, मी त्यांना आबा म्हणते. त्यांची बायको हरणाबाई, म्हणजे माझ्या आता हरणाकाकू, यांनी पहिल्याच जेवणाला चार भाकरी वाढल्या आणि पाचवीला मी नको म्हटल्यावर माझ्या पहिलवानकीवरच संशय घेतला. त्यांच्या कुत्र्याचं नाव टायगर. तो मांजराला घाबरतो.

माझ्या वस्तादांनी मला रोजनिशीची सवय लावली ती खाणं आणि व्यायाम लिहिण्यासाठी. मी हे असलं काहीबाही लिहिते. त्यांना कळलं तर वही फाडतील.

१४ जानेवारी

मुलींना तिळगूळ दिला आणि लगेच शंभर बैठका मारायला लावल्या. गोड बोला म्हणाल्या, मी गोडच बोलले. डझनभर पोरी आहेत आणि दोघीतिघी तर खरंच जोरदार आहेत.

एकीने सरळ मातीत पाय ठेवला. तिला बाहेर काढलं. आधी वाकायचं, मातीला हात लावायचा, कपाळाला लावायचा, मगच पाऊल. लहानपणापासून माझा हात आपोआप खाली जातो. समोर जोडीदार उभा राहिला की डोक्याला विचारावंच लागत नाही. वाराणसीला गादीवरच्या स्पर्धेत मी रबराला हात लावून कपाळाला लावला होता आणि हरयाणाच्या मुली खो खो हसल्या होत्या. त्यांतल्या एकीला मी दीड मिनिटात चितपट केली, तो भाग वेगळा.

१९ जानेवारी

टायगर गेला. रात्री ओट्यावर होता, सकाळी फक्त पट्टा सापडला. हरणाकाकू रडत नाहीत, पण त्यांनी भाकरीचा तुकडा सवयीने ओट्यावर टाकला आणि तिथेच बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तालमीचं दार नुसतं ओढलेलं असतं, कुलूप कधी नसतंच. सकाळी गेले तर रात्री सारखी केलेली माती तुडवलेली. पंजे. तीन नीट उमटलेले, चौथा, पुढचा उजवा, अर्धाच. लालासाहेबांनी गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, बिबट्या हाय, आन् लंगडतोय. लंगडा असला की हरणामागे, डुकरामागे त्याला पळता येत नाही, मग तो सोपं काहीतरी शोधतो.

जेवताना वाद झाला. मी म्हटलं, बिबट्याचं वजन ते किती, पन्नास-साठ किलो. म्हणजे माझ्याच गटातला. समोरून आला तर मान बगलेत धरून खाली दाबेन. लालासाहेब हसले नाहीत. म्हणाले, पोरी, त्याला कुस्ती म्हाईत न्हाई. त्यो सलामी घेत न्हाई, पंचाकडं बगत न्हाई. मागनं येतो आन् मान धरतो. मी म्हटलं, आबा, माझी मान बघा तरी! त्यांनी पाहिली आणि म्हणाले, झाड बी एवढंच जाड असतंय, वर चढतोच की त्यो. हरणाकाकूंनी ताटात आमटी ओतत दोघांनाही गप्प केलं. आवं, जेवताना कशाला त्या मुडद्याचं नाव काढताय?

मला मात्र झोपेपर्यंत डाव सुचत होते. त्याचे चारही पाय हातच मानले तर कुठला डाव बसेल?

२२ जानेवारी

वनरक्षक आले होते. ऋषिराज नाव, माझ्याच वयाचा, भला माणूस. तालमीमागे पिंजरा लावला, आत शेळी बांधली. मुलींना एकत्र बसवून सांगितलं: एकटीने जाऊ नका, बोलत चला, दिसला तर पळू नका, पाठ दाखवू नका. आणि मुख्य म्हणजे वाकू नका, खाली बसू नका. उभा माणूस त्याला उंच आणि अवघड वाटतो. वाकलेला माणूस चार पायांचा दिसतो, शेळीसारखा. गवत कापणाऱ्या बायांवरच हल्ले होतात ते त्यामुळे.

मी त्यालाही विचारलं, नुसत्या हातांनी माणूस वाचू शकतो का? तो म्हणाला, वाचलेत काही. पण ते जिंकले म्हणून नाही, त्याने सोडलं म्हणून. हे उत्तर मला अजिबात आवडलं नाही.

२७ जानेवारी

पिंजऱ्यातली शेळी मजेत आहे, वजन वाढलंय तिचं. बिबट्या पिंजऱ्याभोवती फिरतो आणि निघून जातो.

आसपासचा ऊस तुटतोय. रोज एकेक प्लॉट मोकळा होतो आणि लांबलांबची घरं दिसायला लागली आहेत. लालासाहेब म्हणतात, त्याची खोली रोज लहान होतेय. शेवटी उभा राहणार तो आमच्याच तालमीमागचा तुकडा, कारण ऊसतोडीची टोळी पलीकडून तोडत येते आहे. हे मला आधी का सुचलं नाही?

मुली आता फक्त दुपारी येतात, त्याही आया सोडायला आल्या तरच. निम्म्या उरल्या.

३० जानेवारी

काल दाराला बाहेरून कडी घातली होती. सकाळी दारापुढच्या फुफाट्यात लोळल्याची खूण होती. आत जाता आलं नाही म्हणून दारात झोपला. लाकडावर ओरखडे आहेत, माझ्या खांद्याच्या उंचीवर.

आम्ही आत जोर मारत असतो तेव्हा तो कुठे असतो?

२ फेब्रुवारी

पाहिला.

दिवस मावळताना तालीम झाडून निघाले आणि बांधावर तो उभा. मला वाटलं होतं त्याहून लहान. बरगड्या दिसतात. पुढचा उजवा पाय जमिनीला नीट टेकवत नाही. पळावंसं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण मी उभी राहिले. हात वर केले, ओरडले, काय ओरडले ते आईला सांगण्यासारखं नाही. त्याने कान मागे घेतले आणि सावकाश उसात गेला. घाबरून नाही. काम आठवल्यासारखा गेला.

पहिली फेरी माझी, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

४ फेब्रुवारी

आज चारच मुली. मागच्या भिंतीला पाठ लावून त्या दम घेत होत्या आणि एकदम सगळ्या पुढे सरकल्या. भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. करवतीसारखा, आत-बाहेर. दुपारी! पत्र्यावर ऊन तापलेलं असताना.

मुलींना घरी पोचवलं. तालीम बंद केली. ऋषिराजला फोन केला, ते लोक उद्या-परवा दुसरा पिंजरा आणतायत. लालासाहेबांनी टोळीच्या मुकादमाला सांगितलं की शेवटचा तुकडा सगळ्यांनी मिळून, गोंगाट करत तोडा.

माझी चटई, वजनं, सगळं तालमीतच आहे. दिवसा जाऊन आणायला हवं.

६ फेब्रुवारी

दुसरा पिंजरा अजून आला नाही. टोळीने तुकडा निम्मा तोडला. उरलेला उद्या. आता तालमीच्या पाठीला चिकटून उसाची अरुंद पट्टी तेवढी राहिली आहे. तो त्यातच असणार, दुसरीकडे जाईल कुठे?

सामान बांधून ठेवायला तालमीत आले आहे, उभ्या उभ्या लिहिते आहे. आबा उद्या पेन्शनच्या कामाला सांगलीला जाणार. काकूंना एकटीने बाहेर पडू देऊ नकोस म्हणाले. मी हो म्हटलं. कपाळाला माती लावून घेतलेल्या शपथेसारखं वाटलं ते.

वहीही इथेच सामानात ठेवते. उद्या टोळी असताना सगळं सामान एकदम नेईन.

७ फेब्रुवारी

बोलता येत नाही म्हणून लिहिते. डाव्या हाताने.

काकू जिवंत आहेत. माझ्या मांडीवर डोकं आहे. आम्ही तालमीत आहोत, कडी आतून घातली आहे.

टोळी दुपारनंतर गेली, ट्रॅक्टर बिघडला म्हणून. पट्टी तशीच राहिली. मी म्हशीला पाणी दाखवत होते. काकू वाढं गोळा करायला गेल्या, ऊस तोडल्यावर शेंड्याची हिरवी पात पडते ती. म्हशीसाठी. मला हाक मारली असती तर. मी पाहिलं तेव्हा त्या वाकलेल्या होत्या.

ओरडले. पळाले. तो त्यांच्या पाठीवर होता. मला बघून सोडलं.

समोरासमोर उभे राहिलो. काकू आमच्या मध्ये पालथ्या. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत. मी ताठ होते. हात वर होते. तो मागे सरला. खरंच सरला, एक पाऊल, मग अर्धं. जात होता तो. आणि मी

मी वाकले.

मातीला हात लावला. जोडीदार समोर आला की लावतात तसा. कपाळापर्यंत आणलासुद्धा.

ढेकूळ होतं हातात तेव्हा तो अंगावर आला.

—

काकू विचारतायत तू ठीक हायस नव्हं. मान हलवली.

डाव एकही बसला नाही. मान धरली तर मागचे पाय पोटावर आले. मान सोडली तर गळा. उजवा हात कोपरापर्यंत तोंडात घातला, त्यामुळे गळा सुटला. सगळं अंग त्याच्यावर टाकलं. तेल लावल्यासारखा निसटला. लांब जाऊन बसला आणि पंजा चाटत बघत राहिला. मी हरवलं नाही. त्याने सोडलं.

काकूंना ओढत आणलं. घर लांब होतं, तालीम जवळ.

फोन बाहेर पडलाय. काकूंचा घरात.

—

हौद्यातली माती जखमेवर दाबली होती, काकूंच्या. रक्त कमी झालंय. माझं नाही. हात थंड पडतोय.

तो वर आहे. पत्र्यावर. आधी घमेलं बडवलं तेव्हा उडी मारून खाली गेला. परत आला. आता बडवलं तरी हलत नाही.

नुसत्या हातांनी वाचतो का माणूस? वाचतो. थोडा वेळ.

—

बाहेर फोन वाजला. बराच वेळ वाजत होता. पत्रा करकरला. तो आवाजाकडे वळला असेल.

आबा असणार. शिराळ्यात पोचले की फोन करतात, काही आणायचं का विचारायला.

येऊ नका म्हणू कसं.

—

काकू अंगाईसारखं काहीतरी पुटपुटतायत. मला झोप येते. झोपायचं नाही.

—

मोटरसायकल.

घराशी थांबली. हाक मारतायत. हरणे. मग माझं नाव.

फटीतून दिसतात. अजून उजेड आहे. इकडेच बघतायत. वाढ्यात काकूंचं पायताण पडलंय ते दिसलं त्यांना. येतायत.

घसा नुसता घरघरतोय. घमेलं बडवलं तर धावत येतील. नको. चालत येतायत ते बरं. ताठ. परेडवर असल्यासारखे.

वर उठलाय तो. दाराकडच्या कडेला आला. नखं ऐकू येतात.

सांगलीला गेले होते म्हणून बूट घातलेत. नाड्यांचे. आबा बूट घालून तालमीत पाऊल टाकायचे नाहीत, मरायला टेकले तरी. उंबऱ्यापाशी थांबतील. आणि वाकतील. बरोबर त्याच्या खाली.

काकूंना वहीत दाखवलं. वाचता येत नाही त्यांना. पण पत्र्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. माझा हात धरला होता तो सोडला. जा म्हणाल्या.

कडी काढते. उभं राहायचं. काही झालं तरी ताठ. हात वर, नजर वर, त्याने आधी मला बघितलं पाहिजे, आबांच्या आधी

थांबलेत. बुटाकडे हात