वाघाची चाल आणि पुण्याचा फोन

पांढरकवडा, मंगळवार, संध्याकाळ

नाही म्हणून टाकलं आज. बरं वाटून राह्यलं.

आमचे गेम बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन होता. "मॅडम, बाकीचे स्टुडिओ दर दोन-तीन महिन्यांनी नवा गेम काढतात. तुम्ही दोन वर्षं एका वाघावर अडकलात. जुनाच सांगाडा घ्या, चित्रं बदला आणि सोडा."

तसंच केलं होतं की आधी! मी अन् माझा भागीदार प्रफुल्ल, दोघांनी पहिले तीन गेम धडाधड काढले. लोकांनी डाउनलोड केले अन् आठवड्याभरात उडवले. आज त्यांची नावं मलेच आठवत नाहीत. याला वेग म्हणायचं का?

अन् तो वाघ. आमच्या नव्या गेममधला वाघ अजून बैलासारखा चालतो. बाजूच्या झरी जामणी तालुक्यातली पोरं हा गेम खेळतील, त्यांनी खरा वाघ पाह्यलाय. त्याईले कसं फसवू?

"मग आम्हाला दुसरा स्टुडिओ बघावा लागेल," साहेब म्हणाले.

"बघा," मी म्हटलं.

फोन ठेवला, पण प्रफुल्लकडे पाहायची हिंमत होईना. त्याला न विचारताच बोलले होते. तो इतकंच म्हणाला, "तू हो म्हटलं असतं, त मीच सोडून गेलो असतो."

आमच्या वेबसाइटवर कधीपासून 'लवकरच येत आहे' लिहिलेलं होतं. ते काढलं अन् तिथं टाकलं, 'नीट झाला की येईल.'